सकाळी साडेआठचा आकडा

सकाळचे साडेआठ. महाबळेश्वरात धुकं एवढं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, आणि अशात एक माणूस छत्री सांभाळत पर्जन्यमापकापाशी येतो, आतली बाटली काढतो, पाणी काचेच्या मापात ओततो, आकडा लिहितो, परत ओततो. जुलैत ते माप एकदा भरून भागतच नाही.

23 जुलै 2021 ला सकाळी इथली नोंद होती 594 मिलिमीटर. चोवीस तासांत! एका चौरस मीटरवर 594 लिटर, म्हणजे दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपं. पण हा आकडा कागदावर आला तोवर खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून एक रात्र उलटली होती. 80 हून जास्त माणसं गेली.

मोजणं वेगळं आणि आधी सांगणं वेगळं, सगळी अडचण इथेच आहे.

अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारं येतं, कोकण ओलांडतं आणि समोर सह्याद्रीची भिंत. मग वर चढण्याशिवाय त्याला वाट नाही, वर गेलं की गार होतं, ढग होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस निम्म्याहून कमी, वाईला उतरलात की आणखी कमी. आता अख्ख्या सातारा जिल्ह्याला एकच अंदाज दिला तर तो कोणाच्या कामाचा? म्हणून हवामान खातं आता सातारा घाट, पुणे घाट असे वेगळे अलर्ट देतं, आणि हे फार चांगलं झालं.

बरं, इथले बरेच ढग उंचही नसतात. बर्फ न होताच थेंबाला थेंब चिकटून मोठा होतो आणि पडतो. पाऊस हेरणाऱ्या रडारचा किरण सरळ जातो, लांबचं रडार असेल तर तो या बुटक्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातो, नाहीतर मधला डोंगर त्याला अडवतो. दरीत ढग ओतत असतो आणि रडारच्या स्क्रीनवर हलक्या पावसाचा साधा हिरवा ठिपका. म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरलाच ढगांची प्रयोगशाळा काढली, ढग जिथे जमिनीला टेकतो तिथेच. थेंबाचा आकार मोजणारी यंत्रं तिथे पावसात उभी असतात, आणि अभ्यासासाठी मांढरदेवच्या डोंगरावर रडारही नेलं होतं.

2025 च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टीम हे अंदाज काढणारं संगणकी मॉडेल आलं. ते नकाशा चौकटींत वाटतं आणि प्रत्येक चौकटीचा अंदाज काढतं; त्याची एक चौकट 6 किलोमीटरची, आधी 12 ची होती. मोठी झेप आहे, खरंच. पण आंबेनळी घाटात उभं राहून खाली बघा, सहा किलोमीटरमध्ये कडा, दरी, ओढा, वाडी सगळं येतं, आणि मॉडेलला त्या सगळ्याचा एकच आकडा काढावा लागतो.

त्यामुळे मला वाटतं मॉडेल सुधारत राहू देच, पण उतारावर, वाड्यांच्या डोक्यावर आपोआप नोंद करणारे मापक भरपूर हवेत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि कड्यावरून पोलादपूर, महाडकडे उतरते, वर पडलेलं पाणी खालीच येणार आहे. वरच्या मापकाचा आकडा दर पंधरा मिनिटांनी खालच्या गावातल्या पोलीस पाटलाच्या फोनवर गेला पाहिजे, रात्री दोन वाजतासुद्धा.