टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

[दृश्य: सकाळ. साखळीतलं अंगण, ओली माती, छोटी पांढरी पेट्रोल गाडी.]

ही माझी गाडी. रोज साखळीहून पणजीला जाते. आमोणेचा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर. संध्याकाळी तीच वाट परत. लिटरमागे 17-18 किलोमीटरचं एव्हरेज ती वर्षानुवर्षं देत आली. मागच्या चवथीनंतर ते घसरत 14 वर आलं.

हा आकडा वहीतला आहे. टाकी फुल्ल करायची, नोझलचा खटका पडला की थांबायचं आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल. मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागलं की झालं. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. तीन-चार टाक्यांचा हिशेब हवा.

पहिला संशय पेट्रोलवर, त्यात मिसळलेल्या इथेनॉलवर गेला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. 20 टक्के इथेनॉल मिसळलं की टाकीतली ऊर्जा 6-7 टक्के घटते, हे खरंच आहे. पण त्याने 18 चे 17 होतील, 14 नाही. शिवाय पावसाआधी मी हेच पेट्रोल भरत होतो.

[दृश्य: डिचोलीतलं गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी.]

मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. आधी एक फेरी मारून आला. उतरला आणि पालथा हात एकेका चाकाजवळ नेऊ लागला. पुढच्या डाव्या चाकाशी थांबला.

"भाऊ, हात लावू नका, नुसता जवळ न्या."

चुलीसमोर हात धरावा तशी धग येत होती. बाकीची तीन चाकं जेमतेम कोमट.

चाक काढल्यावर कारण दिसलं. ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक गंजून बसली होती. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, त्यात खारी हवा. पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासत राहायचं. म्हणजे मी रोज साखळी ते पणजी ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. पिना साफ केल्या, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, रबरी टोप्या बदलल्या. पावसाळा सरला की हे काम करून घ्यावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. एअर फिल्टरही बदलावा. पण इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो त्या गाडीत मळलेला फिल्टर एव्हरेजपेक्षा ओढच जास्त कमी करतो.

टायरमधली हवा मात्र घरूनच पाहावी, टायर थंड असताना. चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि आपण खूश होतो. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

[दृश्य: रायबंदर. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी.]

त्या तापलेल्या चाकाने मला माझा उजवा पायही दाखवला. रायबंदरहून पणजीच्या पाटोकडे जाणारा हा रस्ता पोर्तुगीजांनी 17व्या शतकात बांधला. सपाट, अरुंद, ओव्हरटेकला जागा नाही. तरी मी पुढच्या बसला चिकटायचो, ब्रेक मारायचो, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायचो. पेट्रोल जाळून वेग घ्यायचा आणि तोच वेग पॅडवर घासून संपवायचा! आता बसपासून अंतर ठेवतो. तिचे मागचे लाल दिवे लागले की नुसता पाय उचलतो. बऱ्याचदा ब्रेकची गरजच पडत नाही, आणि पणजीला पोचायला उशीरही होत नाही.

मोकळ्या महामार्गावर हिशेब वेगळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. तिथे काचा बंद ठेवून एसी लावलेला बरा.

[दृश्य: चोर्ला घाट. धुकं, वळणं.]

बेळगावहून परतताना काका चालवत होते. उतार लागला तसा त्यांचा हात गिअरवर गेला.

"काका, न्यूट्रल करू नका."

"अरे, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?"

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवर हात बसलेला माणूस हेच म्हणणार. पण इंजेक्शनच्या गाडीत उलटं असतं. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो. आणि चावी फिरवून इंजिन तर बंद करूच नये; ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

काका काही बोलले नाहीत. तिसरा गिअर टाकला आणि वळणांवर तेवढा ब्रेक दाबत गाडी खाली आणली. केरीच्या चेकनाक्यापुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि पालथा हात चारही चाकांजवळ नेऊन आले.

"पुढची दोन सारखीच गरम आहेत रे," ते म्हणाले. "वहीत किती आलंय सध्या?"

"साडेसतरा."