कापड आधी, औषध मागून

नमस्कार, श्रोतेहो.

मसाई मारा, सेरेंगेटी, टारांगीरे या अभयारण्यांची नावं आता मराठी घरांत नवी राहिलेली नाहीत. आपल्या पावसाळ्याच्या दिवसांत, विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात तेव्हा, आपल्याकडची कितीतरी कुटुंबं केनिया आणि टांझानियाला जातात. आधी महिनाभर तयारी चालते. दुर्बीण, कॅमेरा, चिवडा, लाडू, सगळं यादीत असतं. कपडे मात्र फोटोत कसे दिसतील एवढाच विचार करून बॅगेत जातात. कापड शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला आज याच विषयावर बोलायचं आहे. उष्ण देशात अंगावरचं कापड तुम्हांला डासापासून, माशीपासून, गोचिडापासून वाचवतं. ते निवडायचं कसं, ते सांगते.

सुरुवात निळ्या जीन्सपासून करते, कारण बहुतेकांच्या बॅगेत ती असतेच. टारांगीरेच्या किंवा सेरेंगेटीच्या झाडीच्या भागातून गाडी जाऊ लागली की झाडांना टांगलेले कापडाचे तुकडे दिसतात. अर्धं निळं, अर्धं काळं कापड, वाऱ्यावर हलणारं. पाहणाऱ्याला वाटतं कुणाचं तरी निशाण असेल. ते असतात त्सेत्से माशीसाठी लावलेले सापळे. या माशीला गडद निळा आणि काळा रंग लांबून ओढून घेतो. ती त्या कापडावर येऊन बसते आणि कापडाला चोपडलेल्या कीटकनाशकाने मरते. आता तुम्हीच विचार करा, निळी जीन्स आणि काळा टीशर्ट घालून उघड्या जीपमध्ये बसलेला माणूस त्या माशीला कसा दिसत असेल!

त्सेत्से दिवसा चावते. हलती गाडी तिला मोठं जनावर वाटते, म्हणून ती गाडीच्या मागे लागते. चावा चांगलाच दुखतो. काही माश्यांमधून निद्रारोगाचे जंतू माणसात येतात. पर्यटकांना हा रोग क्वचितच होतो, पण झालेला आहे, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततो. शिवाय अंगाला लावायच्या औषधांचा आणि औषध मारलेल्या कपड्यांचा या माशीवर म्हणावा तसा परिणाम दिसलेला नाही. तिथे कापडाचा रंग आणि जाडीच कामाला येते. माती, गवत, वाळू यांच्या जवळचे रंग घ्या. बदामी, राखाडी, फिका हिरवा. आणि कापड मध्यम जाडीचं घ्या, कारण पातळ कापडातून ही माशी सहज चावते.

डासांचं गणित थोडं वेगळं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि त्याचा डोळा घोट्यावर, पावलांवर असतो. 2022 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा वास लागला की एडिस लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे झेपावतो, पांढऱ्या किंवा हिरव्याकडे फारसा वळत नाही. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस मात्र सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत चावतो. म्हणजे सफारीवरून परत आल्यावर, आंघोळ करून, मोकळे होऊन आपण तंबूबाहेर जेवायला बसतो ना, ती त्याची वेळ. नेमके तेव्हाच सगळे जण अर्ध्या चड्डीत आणि सपातांत असतात. दिवसभर नीट कपडे घालून संध्याकाळी ते उतरवायचे, हे मलेरियाच्या देशात उलटं झालं. संध्याकाळच्या जेवणासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा आणि पायमोजे वेगळे काढून ठेवा. टेबलाखाली घोटे उघडे राहिले तर वरच्या सगळ्या बंदोबस्ताचा उपयोग नाही.

आता कापड. दुकानात गेलात की कापड हातात घ्या आणि ट्यूबलाइटसमोर धरा. प्रकाशाचे बारीक बारीक ठिपके आरपार दिसले तर डासाची सोंड तिथून जाईल असं समजा. मग कापड दोन्ही हातांनी थोडं ताणा आणि पुन्हा बघा. होजियरीचा टीशर्ट नुसता धरला तर घट्ट वाटतो, ताणला की त्याचे फासे उघडतात. खांद्यावर, पाठीवर, पोटावर तो असाच ताणलेला असतो आणि डास तिथूनच चावतो. लेगिंगचं तर विचारूच नका. कातडीला चिकटलेलं, ताणलेलं, वर बहुतेक वेळा काळ्या रंगाचं. माझ्या बहिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की विमानात लेगिंग घाला, जंगलात सलवार घाला. सलवारीत कापड आणि कातडी यांच्यात बोटभर हवा राहते. डासाची सोंड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची असते, तेवढं अंतर तिला पुरून उरतं.

सुती की टेरिकॉट, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे, की उन्हात सुतीच हवं. घरी, पंख्याखाली ते खरं आहे. प्रवासात सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं, अंगाला चिकटतं, आणि चिकटलेल्या कापडातून चावणं सोपं. दाट विणीचं टेरिकॉट रात्री धुऊन वाळत टाकलं तर सकाळी घालता येतं. सुतीच हवं असेल तर दाट विणीचं पॉपलिन घ्या. मलमल आणि जाळीदार कुडते घरीच राहू द्या. आजोबांचा पॉपलिनचा लेंगाही उत्तम, फक्त त्याची मोकळी मोहरी संध्याकाळी पायमोज्यात खोचा, नाहीतर डास खालून आत शिरतात. आणि शिवून घेणार असाल तर शिंप्याला सांगा, बाह्यांना बटणाचा कफ हवा आणि विजार बसल्यावरही घोटा झाकला पाहिजे. मापं उभ्याने घेतात, जीपमध्ये आपण तासन्‌तास बसलेले असतो. खुर्चीत बसून मोहरी किती वर चढते ते बघा आणि तेवढी लांबी वाढवून घ्या.

इतकं सगळं झाल्यावर औषधाकडे वळू. कपड्यांना लावायचं औषध म्हणजे परमेथ्रिन. याची मुळाशी जाणारी गोष्ट मला फार आवडते. पायरेथ्रम नावाचं शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल असतं. केनियाच्या थंड डोंगराळ भागात, नाकुरूच्या आसपास, त्याची मोठी शेती होत असे आणि आजही होते. वाळवलेल्या फुलांतला अंश किड्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतो. पण उन्हात तो लवकर निकामी होतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली त्याच धर्तीवर उन्हात टिकणारं परमेथ्रिन तयार केलं. ज्या देशात आपण हे कपडे घालून फिरणार, त्याच मातीत त्या औषधाच्या पूर्वजाची शेती होते! अमेरिकी लष्कर 1990 च्या दशकापासून सैनिकांच्या गणवेशाला हे लावत आलं आहे. डास किंवा गोचीड अशा कापडावर टेकला की त्याला तिथे राहवत नाही. तो उडून जातो, गळून पडतो किंवा मरतो.

हे दोन तऱ्हेनं मिळतं. एक, कारखान्यातच परमेथ्रिन बसवलेले तयार कपडे. ते साधारण 70 धुण्यांपर्यंत काम देतात. दुसरं, अर्धा टक्का परमेथ्रिनचा, खास कपड्यांसाठीचा फवारा. तो साधारण सहा आठवडे किंवा सहा धुणी टिकतो. आपल्याकडे दोन्ही सहज मिळत नाहीत. अमेरिकेत मुलगा-सून असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. फवारा विमानातून आणण्यापेक्षा तयार कपडे मागवणं सोपं.

फवारा मिळालाच तर तो असा मारा. गच्चीवर किंवा अंगणात सदरा हँगरला अडकवा, वारा पाठीकडून येऊ द्या, वीतभर अंतरावरून हळूहळू ओलसर होईपर्यंत मारा. मग सदरा उलटा फिरवून दुसरी बाजू. कॉलर, कफ आणि मोहरीवर थोडा जास्त, पायमोज्यांवर तर नक्कीच. सावलीत दोन तास वाळवा, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत चार तास. पूर्ण वाळल्याशिवाय अंगात घालू नका. घरात मांजर असेल तर कपडे वाळेपर्यंत तिला तिथे फिरकू देऊ नका, मांजराच्या शरीराला परमेथ्रिन पचवता येत नाही. पाण्यातल्या माशांनाही ते घातक आहे, म्हणून असे कपडे ओढ्यात, तळ्यात धुऊ नयेत. ड्रायक्लीनला टाकले तर औषध निघून जातं.

इथे एक गोष्ट मी आवाज चढवून सांगणार आहे. बाजारात फवारा मिळाला नाही म्हणून शेतीच्या दुकानातून सायपरमेथ्रिन आणून कपडे बुडवायचे, हा उद्योग कुणीही करू नका. घरातला झुरळांचा स्प्रेही कपड्यांवर मारू नका. नावं सारखी वाटतात, पण त्यांतली मात्रा आणि सोबतचे द्रावक वेगळे असतात, आणि ते दिवसभर घामेजलेल्या अंगाला चिकटून राहणार असतं. खरजेसाठी औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं मलम मिळतं, ते त्वचेच्या आजारासाठी आहे, त्याचा कपड्यांशी संबंध नाही. परमेथ्रिनचे कपडे मिळाले नाहीत तर घाबरून जाऊ नका. दाट विणीचे, सैल, फिक्या रंगाचे कपडे हेच बरंचसं काम करतात.

चेहरा, मान, हात उघडे राहतात, तिथे त्वचेला लावायचं औषध लागतंच. डीट 20 ते 30 टक्के किंवा पिकारिडिन 20 टक्के, हे बाटलीवर वाचून घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की त्यावर हे. कपड्यांच्या आत लावायची गरज नाही. डीट प्लॅस्टिकला खातं, चष्म्याची फ्रेम, घड्याळाची काच, ताणणारं सिंथेटिक कापड खराब होतं, तेव्हा हात पुसून मगच दुर्बिणीला लावा. मनगटातले सुवासिक पट्टे सोडून द्या. त्यांचा उपयोग होत नाही.

आणखी थोडं बॅगेविषयी. केनियात ऑगस्ट 2017 पासून आणि टांझानियात जून 2019 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपण प्रत्येक कपडा पिशवीत घालून भरतो. यंदा कापडी पिशव्या शिवून घ्या. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, युगांडा, झांबिया, झिंबाब्वेत ते सामान्य माणसाला घालता येत नाहीत. आणि हो, टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या कड्यावर, सुमारे 2300 मीटर उंचीवर, पहाटे चांगलीच थंडी असते. त्या थंडीसाठी एखादं जाकीट ठेवा, आणि ते गडद निळं नको.

हे सगळं बोलताना मला आपल्याच मातीतली माणसं आठवतात. सिंधुदुर्गातलं दोडामार्ग आणि गोव्यातलं सत्तरी, इथे गेल्या दहा वर्षांत माकडतापानं माणसं गेली. हा रोग 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, तो गोचिडातून येतो. त्याचा काळ आणि काजूचा हंगाम एकच. बोंडं वेचायला जाणाऱ्या बायका पालापाचोळ्यात वाकतात, बसतात, आणि गोचिडाची मोहरीच्या दाण्याएवढी पिल्लं पायावर चढतात. आपले पर्यटक आफ्रिकेसाठी हजारो रुपयांचे कपडे घेतात, ते ठीकच आहे. पण काजूच्या बागेतल्या बाईला पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा, विजार, लांब पायमोजे आणि बंद बूट मिळायला हवेत, आणि ते मालकानं द्यायला हवेत. फिका रंग अशासाठी, की त्यावर चढणारा गोचीड डोळ्याला दिसतो. विजार पायमोज्यात खोचली की त्याला कातडीपर्यंत पोचायला वाट मिळत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं तयार केलेलं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल आरोग्य केंद्रातून मिळालं तर ते उघड्या हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे उंबऱ्याबाहेर उतरवून गरम पाण्यात टाका, आणि गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघा.

कपडे कितीही नीट असले तरी मलेरियाच्या देशात प्रतिबंधक गोळ्या लागतातच. कोणत्या, ते डॉक्टर ठरवतील. आफ्रिकेत जुनी क्लोरोक्विन चालत नाही. केनियासाठी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत आल्यावर विमानतळावर अडवून सहा दिवस वेगळं ठेवू शकतात.

परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, मी आफ्रिकेला जाऊन आलो. दोडामार्ग-सत्तरीच्या बाजूला असाल तर सांगा, मी काजूच्या बागेत जाते. चाव्याच्या जागी दुखरी गाठ उठली असेल तर तीही दाखवा.

नमस्कार.