कुक १९६७ साली होता का?

(दृश्य : कास पठार. सप्टेंबरमधली सकाळ. धुकं, खडकावर साचलेलं पाणी.)

कासवर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, पण पायाशी असलेली सीतेची आसवं दिसतात. जांभळी, नखाएवढी. त्यांच्या शेजारी ओल्या मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो, आणि एका थेंबात आत्ता एक चिलट अडकलंय.

साताऱ्याची एक संशोधक विद्यार्थिनी चार पावसाळे यवतेश्वरचा घाट चढून इथे येते आहे. गुडघे टेकून, कधी पोटावर झोपून तिने नोंदी घेतल्या. त्या नोंदींवरचा शोधनिबंध आता लिहून झालाय. आपण मात्र पठारावर फार थांबणार नाही. आपल्याला त्या निबंधाची शेवटची चार पानं बघायची आहेत.

(दृश्य : साताऱ्यातली खोली. रात्र. लॅपटॉपचा उजेड. खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याची काळी कड.)

संदर्भसूची. चौसष्ट नोंदी.

निबंध आधी एका जर्नलला पाठवला होता. विषय आमच्या कक्षेत बसत नाही, असं उत्तर आलं. आता दुसरं जर्नल. पहिल्याला नाव-वर्ष पद्धत हवी होती : वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि साल, मागे सूची अक्षरक्रमाने. दुसऱ्याला व्हँकूव्हर हवी आहे : मजकुरात फक्त आकडा, आणि जो संदर्भ आधी आला तो सूचीत आधी. सहा लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची, सातवा असला की सहानंतर एट अल., म्हणजे ‘आणि इतर’, लिहून थांबायचं. आद्याक्षरांपुढे टिंब नाही. जर्नलचं नाव संक्षिप्त, आणि संक्षेपही मनाचा चालत नाही, ठरलेलाच.

या पद्धती कुणी उगाच त्रास द्यायला काढलेल्या नाहीत. नाव-वर्षाची सुरुवात १८८१ सालची मानतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखाच्या गोगलगायीवर निबंध लिहिला, आणि त्यात असे कंस वापरले. व्हँकूव्हरचं नाव पडलं १९७८ मध्ये. वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या त्या शहरात एकत्र बसले, कारण दर जर्नलचा साचा वेगळा आणि लेखकाच्या नशिबी दर वेळी नव्याने टाइप करणं. टाइपरायटरचे दिवस होते ते.

आज हे काम झोटेरो नावाचं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर करतं. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं, विनामूल्य. शैली बदला, बटण दाबा, चौसष्ट नोंदी क्षणात नव्या साच्यात. तिनेही दाबलं. मग वाचायला बसली, आणि खरं काम तिथून सुरू झालं.

(दृश्य : पडद्यावर एकेक ओळ. कर्सर थांबतो, पुढे सरकतो.)

एका नोंदीत शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, कारण जुन्या पीडीएफमधून ते तसंच उचललं गेलं होतं. ते लहान अक्षरांत आणायला गेली, तर ‘वेस्टर्न घाट्स’ही लहान झालं. वनस्पतींची नावं इटॅलिकमध्ये असायला हवीत. ती सरळ उभी होती. शीर्षकाच्या आतली इटॅलिकची खूण आपण स्वतः घालावी लागते, सॉफ्टवेअरला प्रजाती आणि गाव यांतला फरक कळत नाही. नावांचाही घोळ होता. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. एका ठिकाणी वडिलांचं नावच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलं होतं. सातारा-सांगलीकडच्या संशोधकांच्या सूचीत पाटील, जाधव, शिंदे किती असतात ते काय सांगायचं! त्यात आद्याक्षर चुकलं, तर एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. हे मला किरकोळ वाटत नाही. कुणीतरी कुठल्या तरी डोंगरावर पावसात भिजून ते काम केलेलं असतं.

सकाळी तिने फाईल मार्गदर्शक मॅडमना पाठवली. अर्ध्या तासात फोन.

“अगं, तेवीस नंबर उघड. कुक, एकोणीसशे सदुसष्ट. कुक १९६७ साली होता का?”

“मॅडम, सगळ्यांनी तसंच लिहिलंय.”

“सगळ्यांनी लिहिलंय म्हणून तू लिहिलंस. पुस्तक बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. दुसऱ्या निबंधाच्या सूचीतून ओळ उचलली होती. मीही माझ्या पहिल्या निबंधात हेच केलंय. बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं.

थिओडोर कुक १९१० साली वारले. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे, ते प्राचार्य. माणूस अभियंता, पण मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी जंत्री त्यांनी केली, तिच्याशिवाय आजही सह्याद्रीतल्या झाडाझुडपांवर लिहिता येत नाही. ती लंडनला छापली गेली १९०१ ते १९०८ या काळात, दोन खंडांत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तिचं पुनर्मुद्रण केलं १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये, तीन खंडांत. म्हणजे साल चुकलं की खंडही चुकतो. वाचणारा तिसरा खंड शोधत मूळ आवृत्तीपाशी गेला, तर तिथे तिसरा खंडच नाही. पुनर्मुद्रण हाताळलं असेल तर खुशाल १९६७ लिहावं, पण पुनर्मुद्रण असं म्हणून, आणि मूळ साल सोबत देऊन.

अशा उचललेल्या ओळी कुठवर जातात त्याचं एक उदाहरण आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक संदर्भ दिला होता : व्हॅन डर गीर आणि सहकारी, ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’, साल २०००. असा लेख नाही. असं जर्नलही नाही. तरी तो संदर्भ जवळजवळ चारशे निबंधांत सापडला. बऱ्याच जणांनी साच्यातली नमुन्याची ओळ पुसलीच नव्हती. आता तर चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो लेखक, साल, पानं सगळं व्यवस्थित बसवून न झालेला लेख हातात ठेवतो. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी! म्हणून डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, नुसता चिकटवायचा नाही, त्यावर क्लिक करून समोर तोच लेख उघडतोय का ते बघायचं.

(दृश्य : दवबिंदूचा क्लोजअप. मग हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेलं रोप चिकटवलेला कागद, खाली हस्ताक्षरातलं नाव.)

वनस्पतिशास्त्रात तर नावातच संदर्भ असतो. दवबिंदूचं शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. ते लिहिल्यावर पुढे ‘एल.’ येतो. एक अक्षर आणि एक टिंब. ते म्हणजे लिनियस, १७५३ सालचं त्याचं ‘स्पीशीज प्लँटारम’. हे रोप पहिल्यांदा या नावाने कुणी नोंदवलं, ते तेवढ्या जागेत सांगितलेलं असतं.

(दृश्य : पुन्हा खोली. संध्याकाळ.)

कुकची मूळ आवृत्ती बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर स्कॅन केलेली आहे. तिने ती उघडली. पिवळटलेलं पान, बारीक टाइप. आपल्या वनस्पतीचं वर्णन शोधून पूर्ण वाचलं, आणि मग ओळ लिहिली : कुक टी. द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे. लंडन, टेलर अँड फ्रान्सिस, १९०१ ते १९०८. नंतर चोवीस नंबर उघडला. मग पंचवीस. दोन संदर्भ तिने काढूनच टाकले. मूळ लेखात ती म्हणत होती ते नव्हतंच.

रात्री जर्नलच्या पोर्टलवर शेवटचा रकाना आला : लेखकाचं नाव. ऑर्किडचा, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख कायम ठेवणारा, सोळा अंकी क्रमांक तिने महिन्यापूर्वी काढून ठेवला होता. डिसेंबरमध्ये लग्न आहे, आडनावाचं काय करायचं हे घरात अजून ठरलेलं नाही. तिने क्रमांक घातला. मग पठारावरच्या वहीवर चार पावसाळे जे लिहीत आली, तेच नाव टाइप केलं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. स्पेलिंग दोनदा तपासलं, आणि सबमिट केलं.