माडावरचा उंदीर आणि काकांची बंदूक

(पहाट. आगरात पाटाच्या पाण्याचा आवाज. कॅमेरा जमिनीलगत.)

हा नारळ बघा. रात्री कधीतरी पडलाय. मुठीपेक्षा जरासा मोठा, हिरवागार. आत नुसतं पाणी, खोबरं अजून धरलेलंच नाही. आता उलटा करून बघू. देठाजवळ, टोपीच्या कडेला हे भोक. अंगठा सहज जाईल एवढं. कडेवर दातांच्या बारीक रेघा दिसतात, दोन-दोनच्या जोडीने. हे माडावरच्या उंदराचं काम.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मागे बत्तीस माड, पोफळी, केळी आणि काकूंचा भाजीचा वाफा. काका सकाळी चहाच्या आधी आगरात फिरून गळलेले नारळ मोजतात. गेली कित्येक वर्षं हा नेम चुकलेला नाही. माडाच्या फुलाचा पिकलेला नारळ व्हायला वर्ष लागतं. उंदराला आवडतात ते तीन ते सहा महिन्यांचे. म्हणजे आज जे पडलं, ते दिवाळीला पाडेली माडावर चढेल तेव्हा वर नसेल. वर्षभराचं शिंपणं, शेणखत, राख, सगळं या एका भोकातून वाहून जातं. काकांना राग येतो तो उगाच नाही, हे आधी सांगून ठेवतो.

(माजघर. खुंटीवर टांगलेली बंदूक.)

ही त्या रागावरची काकांची तोड. छऱ्याची बंदूक. जत्रेत फुगे फोडायला असते तीच जात, फक्त जास्त जोराची. नळी मधोमध मोडायची, म्हणजे आतली स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. छर्रा नळीत बसवायचा, नळी मिटायची. घोडा ओढला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा एकदम दाबली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. दारू नाही, धूर नाही, फट्‌ असा एक आवाज.

(तळहातावर छर्रा, अगदी जवळून.)

हा छर्रा. शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, वजनाला साधारण अर्धा ग्रॅम. आकार नीट बघा, डमरूच. मधे कंबर, मागचा घेर पातळ आणि पोकळ. हवेचा दाब आला की तो घेर पसरतो आणि नळीला घट्ट चिकटतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही.

आपल्याकडे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूल ऊर्जेपर्यंतच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. म्हणून घरोघरी हिला खेळणं समजतात. पण हिशेब करून बघा. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला वीस जूल मिळाले तर तो ताशी हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. काका रात्री बॅटरी शेंड्यावर मारून वर नेम धरतात. नेम चुकला की तो छर्रा जातो कुठे? वर तर नुसतं आभाळ. शेजारच्यांची पडवी आमच्या गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, वीस पावलांवर आहे आणि तिथे पोरं अंगणात झोपतात. खाली मारलेला छर्रा जांभ्याच्या चिऱ्यावर आपटून उलटा फिरतो, ते मी स्वतः पाहिलंय. डोळ्याला लागला तर डोळा गेलाच.

आणखी एक सवय सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना असते. पटकन भरता यावेत म्हणून काका दोन-तीन छर्रे ओठांत धरायचे. शिसं! ते शरीरात साठत राहतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. नंतर मोरीवर जाऊन बराच वेळ चुळा भरत होते.

(काका पडवीत, सुपारी कातरताना.)

मी विचारलं, "काका, वर्षाला किती उंदीर मारत असाल?"

"मोजलेत कोणी! आठवड्याला दोन, कधी तीन."

"आणि गळ कमी झाली?"

अडकित्ता थांबला. "गळ आहे तेवढीच आहे रे. एक मेला की दुसरा येऊन बसतो."

काकांच्या या वाक्यासाठी मला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जायचंय. पक्षितज्ज्ञ सालिम अली तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. 1896 चा त्यांचा जन्म, म्हणजे 1906-07 च्या सुमाराची गोष्ट. हातात मुलांची छऱ्याची बंदूक. घोड्यांच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर राखणीला. मुलाने गाडीआड दबा धरून नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर, त्याच खिळ्यावर. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर पडले आणि तरी खिळा रिकामा राहिला नाही. मुलाने हे वहीत नोंदवून ठेवलं. पुढे त्या नोंदीची अभ्यासकांनी दखल घेतली.

त्याच बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचा झाला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तो खिळा जास्त मोठा वाटतो. आमच्या आगरातला प्रत्येक शेंडा म्हणजे तो खिळा आहे. झावळ्यांच्या बेचक्यात उबदार जागा, हाताशी कोवळं फळ, प्यायला आतलंच पाणी. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. अशी जागा मोकळी कोण ठेवेल?

(केळीची बाग. दूरवर वानरांचा कळप.)

वानरांबद्दल बोलणं मला जड जातं. ते आले की तासाभरात केळीचा घड, पपया, काकूंच्या पडवळाचा मांडव, सगळं भुईसपाट. ज्याचं वर्षाचं पीक असं गेलंय त्याला भूतदया शिकवायचा मला अधिकार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात काकांनी एका मादीवर छर्रा मारला. पोटाशी पिल्लू होतं. ती पडली नाही. मांडीला हात लावून तिने हाताकडे बघितलं आणि पिल्लाला घेऊन फणसावर गेली. चार दिवसांनी कळप परत आला, तेव्हा ती मागून लंगडत येत होती. आली मात्र होतीच, केळी खायला. वानर या बंदुकीने सहसा जागीच मरत नाही. आतल्या आत सडणारी जखम तेवढी ती करते. त्या दिवसापासून काका वानरांवर बंदूक रोखत नाहीत.

कायदाही तेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, जखमी करणं हीसुद्धा शिकारच. वानर, मोर, आपला राज्यप्राणी शेकरू, सगळे त्या संरक्षणाखाली येतात. पूर्वी त्या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. उंदीर, कावळे, फळं खाणारी वटवाघळं तिच्यात होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. आता कुठला प्राणी उपद्रवी ठरवायचा ते केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. ते मी-तुम्ही पडवीत बसून ठरवायचं नाही.

भाजीच्या वाफ्यावर काकूंनी वरून-बाजूने जाळी घातली आणि गडग्याकडच्या उघड्या पट्ट्यात हळद, आलं आणि सुरण लावलं. ते वानरांनी उपटून फेकलं, खाल्लं नाही. केळीसाठी माझ्याकडे अजून उत्तर नाही. कुत्रा आणि जागं माणूस, एवढंच चालतं, आणि दिवसभर राखणीला माणसं आता घरात उरलेली नाहीत.

(माडाच्या खोडाला पत्रा बांधला जातोय.)

उंदराचं उत्तर मात्र आहे, आणि ते जुनं आहे. गुळगुळीत पत्र्याचा चाळीस सेंटिमीटर रुंद पट्टा, जमिनीपासून दोन मीटरवर, खोडाला लपेटून. उंदीर खडबडीत खोडावर नखं रुतवून चढतो, पत्र्यावर ती रुतत नाहीत. आम्ही खिळे मारत नाही, तारेने आवळतो. आंब्याची साल जखम भरून काढते, माडाला ते जमत नाही. त्याच्या खोडातलं भोक जन्मभर तसंच राहतं. पाडेली आधी कुरकुरला, पत्र्यावरून पाय सरकेल म्हणून. मग ठरलं की तेवढ्या उंचीपर्यंत शिडी लावायची.

पट्टा बांधण्याआधी शेंडे साफ करावे लागतात. आत राहणारे उंदीर वरच राहिले तर पट्टा त्यांचीच राखण करतो. वाळक्या झावळ्या, जुनी पोय, जाळी, सगळं काढलं. ढिगातून तीन घरटी निघाली. दुसरी अट जास्त महत्त्वाची. एका माडाची झावळी दुसऱ्याला लागता कामा नये, नाहीतर उंदीर जमिनीवर उतरतच नाही. वरच्या वर साऱ्या आगरात फिरतो.

विषाच्या वड्याही मिळतात. आम्ही वापरल्या नाहीत. आमच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी आहे. विष खाल्लेला किंवा अंगात छर्रा घेऊन मेलेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर ते विष आणि ते शिसं घुबडाला बाधतं. लोक या पक्ष्याला अशुभ म्हणून हाकलतात, याचं मला फार वाईट वाटतं. रात्री माळ्याखाली उभं राहिलं तर पिल्लांची फिसफिस ऐकू येते. सकाळी खाली उलटीच्या गोळ्या पडलेल्या असतात. एक काडीने फोडली. केसांच्या लगद्यात उंदराच्या तीन कवट्या निघाल्या, पिवळट दातांसकट.

(पुन्हा पहाट. काका आगरात.)

पट्टे बांधून पाच महिने झाले. काका अजून चहाच्या आधीच फिरतात. आज सात नारळ गळलेले होते. प्रत्येक उचलून, उलटा करून, देठाशी अंगठा फिरवून बघितला. सहांवर काही नाही, ती आपसूक गळ. सातव्यावर भोक.

काकांनी मान वर केली. मीही बघितलं. गडग्याकडच्या माडाची एक लांब झावळी पावसाने वाकून शेजारच्या आंब्याला टेकली होती.

"तिथून येतोय बघ," काका म्हणाले. "पाडेल्याला फोन लाव. म्हणावं, कोयता घेऊन ये."