काऊबॉय हॅटची फेडोरा करताना

नमस्कार मंडळी. किटलीत पाणी तापत ठेवलंय, ते शेवटी लागेल. तोवर टेबलावरच्या या हॅट बघून घ्या. डावीकडची वेस्टर्न. टेक्ससमध्ये राहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. दहा सेंटिमीटर रुंद कड दोन्ही बाजूंनी वर वळलेली, माथ्यावर मधोमध एक लांबट घळ आणि तिच्या अंगाला दोन खळगे. उजवीकडची फेडोरा. कड साडेसहा सेंटिमीटरच्या आतली आणि पुढे जराशी झुकलेली, माथ्यावर एकच खळगा, भोवती रुंद रिबन. गेल्या वर्षी ही उजवीकडचीसुद्धा डावीकडच्यासारखीच होती. जुन्या सामानाच्या बाजारात मला ती वीस डॉलरला मिळाली.

विकणाऱ्या आजोबांनी विचारलं, हिचं काय करणार? मी सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "चांगल्या हॅटची मोडतोड कशाला करता?" म्हणाले. जुन्या वस्तूंबद्दल मलाही तसंच वाटतं, म्हणून त्यांचा प्रश्न मनात राहिला. आज बोलणार आहे ते त्यांना तेव्हा देता न आलेलं उत्तर.

ते सुरू होतं फिलाडेल्फियात, 1865 साली. जॉन बी. स्टेटसन हा न्यू जर्सीच्या ऑरेंज गावच्या हॅटवाल्याचा मुलगा. तब्येत सुधारावी म्हणून तो पश्चिमेकडे जाऊन आला आणि परतल्यावर फिलाडेल्फियात त्याने स्वतःचा धंदा उघडला. त्याने काढलेली हॅट 'बॉस ऑफ द प्लेन्स'. आज जिला आपण काऊबॉय हॅट म्हणतो तिची ही पणजी, पण जुन्या फोटोत तुम्ही तिला ओळखणार नाही. कड सपाट, माथा गोल, खळगा कुठेच नाही. खळगे पाडले ते घालणाऱ्यांनी. पुढून चिमटीत धरून काढता-घालता चिमटा पडला, पावसाने आणि हाताळून कड वळली. मग ज्याने त्याने आपल्याला हवा तसा घाट दिला. कारखाने तेच घाट तयार करून विकू लागले ते पुढे. आपल्याकडची पुणेरी पगडी आणि फेटा आठवा. पगडी कारागिराच्या हातून तयार होऊन येते, फेटा बांधणाऱ्याच्या हातात आकार घेतो. बॉस ऑफ द प्लेन्सची जात फेट्याची होती.

फेडोराचं नाव आलं 1882 साली पॅरिसमध्ये झालेल्या 'फेदोरा' नाटकावरून. त्यात राजकन्या फेदोराची भूमिका सारा बर्नहार्टने केली. ही हॅट आधी बायकांची होती, पुरुषांच्या डोक्यावर ती नंतर स्थिरावली. आणि विसाव्या शतकात स्टेटसनचाच कारखाना वेस्टर्न आणि फेडोरा दोन्ही बनवत होता. आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं हॅट ज्याची बनते त्या फेल्टमध्ये आहे. ही डावीकडची हॅट फिरवा हातोहात. फेल्टला ताणाबाणा नसतो. सशाच्या, रानसशाच्या किंवा बीव्हरच्या कातडीवर मुळाशी जी मऊ लव असते तिच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, दाब आणि चोळणं मिळालं की हे केस एकमेकांत शिरतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कोल्हापूरकडचं जेन किंवा काश्मिरी नमदा असाच होतो, फक्त तिथे मेंढीची लोकर असते. हॅटसाठी आधी मोठा, सैल शंकू बनवतात आणि तो आटवत आटवत डोक्याच्या मापावर आणतात. विणीचा धागा नाही म्हणून उसवणं नाही, उभं-आडवं नाही म्हणून एकाच बाजूला ताणलं जाणं नाही. वाफ दिली की फेल्ट नरम पडतं, वाळलं की दिलेला आकार धरतं. हे पुन्हा पुन्हा होऊ शकतं. माथ्याचं सगळं काम त्यामुळे उलटवता येतं. उलटवता येत नाही ती एकच गोष्ट, कड कापणं. ती आपण शेवटाकडे ठेवू.

मात्र प्रत्येक जुनी हॅट या कामाला घेऊ नये. आतल्या पट्टीवर फेल्टचा दर्जा सांगणारे 4एक्स, 10एक्स असे छाप असतात. प्रत्येक कारखान्याचा हिशेब वेगळा, त्यामुळे ते बघून ठरवू नका, बोटांनी ठरवा. लवेचं फेल्ट दाट आणि मखमली लागतं, मेंढीच्या लोकरीचं स्वस्त फेल्ट खरखरीत आणि पुठ्ठ्यासारखं. ते नव्या आकाराला मनापासून तयार होत नाही. मग अंधाऱ्या खोलीत हॅटच्या आत टॉर्च लावा. कसर लागली असेल तर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. पुढच्या चिमट्याच्या घडीवर उजेड दिसला तर ती हॅट तशीच राहू द्या, तिथे फेल्ट झिजलंय आणि घडी उघडताना फाटेल.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. केस नीट गुंतावेत म्हणून पूर्वी कातडीला पाऱ्याचं नायट्रेट लावत. कामगार वर्षानुवर्षं त्या वाफेत उभे राहत. कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं शहर. तिथल्या कामगारांचे हात कापत, त्या दुखण्याला 'डॅनबरी शेक्स' असंच नाव पडलं. अमेरिकेत 1 डिसेंबर 1941 पासून हॅटच्या फेल्टमध्ये पारा वापरायला बंदी आली. संग्रहालयांतल्या जुन्या हॅटमध्ये आजही पारा सापडतो. त्यामुळे हॅट त्या काळाच्या आधीची असेल, किंवा तशी शंका जरी आली, तरी घरात तिला वाफ देऊ नका. शिवाय इतकी जुनी, धड राहिलेली हॅट बदलायची नसते, जपायची असते. तिथे मी आजोबांच्या बाजूने आहे.

आता कामाकडे. रिबन, अस्तर आणि आतली चामडी पट्टी टाके उसवून काढायची. पट्टी चांगली असेल तर तीच परत लावता येते. मऊ ब्रशने धूळ काढायची. मग वाफ, आणि आतून मुठीने हळूहळू खळगे बाहेर काढायचे. बहुतेक वेळा इथेच अडतं. वेस्टर्न हॅट ताठ असते, आणि तो ताठपणा बऱ्याचदा लाखेचा असतो. तीच लाख, जी झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्या गोंदियाकडे पळसावर, कुसुमावर घेतात. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात ना, हॅटवालेही तेच करत आणि फेल्टमध्ये मुरवत. टेक्ससच्या उन्हापावसात कड ताठ राहावी म्हणून इथल्या हॅटमध्ये ती जास्त. फेडोराची कड पुढे बोटाने खाली ओढता आली पाहिजे, तिला एवढी लाख चालत नाही. म्हणून फेल्ट स्पिरिटमध्ये भिजवून लाख उतरवायची, उघड्यावर, आसपास आग किंवा ठिणगी नसताना. हातमोजे घालून. माझ्या हॅटला तीन वेळा भिजवावं लागलं. दुसऱ्या वेळी स्पिरिट चहाच्या रंगाचं झालं, आणि मला आमच्या गावच्या सुतारकामाचा वास आला. इतक्या लांब, दुसऱ्या कोणाच्या हॅटमधून.

त्यानंतर लाकडी ब्लॉक. डोक्याच्या मापाचा, गोल माथ्याचा. फेल्ट पुन्हा वाफवून त्यावर खाली ओढायचं आणि माथा व कड जिथे मिळतात तिथे सुतळी घट्ट बांधायची. कड ओलं फडकं ठेवून इस्त्रीने सपाट करायची. मग किमान एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली की समोर जे दिसतं ते वेस्टर्न नाही आणि फेडोराही नाही. गोल माथा, सपाट रुंद कड. जवळजवळ 1865 ची हॅट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ ती तशीच ठेवली होती.

मग कात्री. पहिल्या हॅटच्या वेळी मी कड सपाट करण्याआधीच खुणा केल्या होत्या. बाजू वर वळलेल्या असताना घेतलेलं माप सपाट झाल्यावर जुळलं नाही, डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा सेंटिमीटर अरुंद झाली, आणि कापलेलं फेल्ट परत येत नाही. हॅट लंबगोल असते, त्यामुळे मध्यातून कंपास फिरवूनही चालत नाही. माप माथ्याच्या बुडापासून बाहेर घ्यायचं. हॅटवाल्यांकडे त्यासाठी 'राऊंडिंग जॅक' असतो. त्याचा वाकडा लाकडी पाय माथ्याला टेकवून फिरवायचा, ठरवलेल्या अंतरावर पातं कापत जातं. तो नसेल तर खडूने खुणा करा, आधी सात सेंटिमीटरवर कापा, आरशात बघा, मग उरलेलं. कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवला की ती कापल्यासारखी दिसत नाही.

रिबनचं एक सांगतो, कारण ते मला फार आवडतं. जुना अरुंद पट्टा काढला की त्याखाली न विटलेल्या फेल्टची गडद रेघ राहते, वर घामाचा डाग असतो. दोन्ही पुसून जात नाहीत. फेडोराची रिबन चार सेंटिमीटरच्या आसपास रुंद, ती दोन्ही झाकते. रिबन सुती-रेयॉनची ग्रोग्रेन, म्हणजे बारीक आडव्या रेघांच्या विणीची, घ्या. दमट करून इस्त्री फिरवताना तिची एक कड आटवता येते, मग निमुळत्या माथ्याला ती चिकटून बसते. पॉलिएस्टरला हे जमत नाही. बो डाव्या बाजूला येतो. टाके चारपाचच, उद्या कोणाला काढावेसे वाटले तर फेल्टला इजा नको.

ही तिसरी हॅट मी आतापर्यंत झाकून ठेवली होती. कड कापली आहे, पट्टी आणि रिबन लावली आहे, माथा मात्र अजून गोल. खळगा पाडलेला नाही. तो डोक्यावर घालून, आरशात बघत, घालणाऱ्याच्याच हाताने पडावा असं मला वाटतं. पाणी उकळलंय. 58 सेंटिमीटर घेराचं डोकं कोणाचं आहे? या, पुढे या. वाफेपासून हात जरा लांब धरा, आणि वरून तळव्याने हलकेच दाबा.