घोरता घोरता गप्प

नमस्कार श्रोतेहो. मी नौदलातला निवृत्त माणूस. २१ वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली, आता मालवणात माडांना पाणी लावतो. आजचा माझा विषय आहे घोरणं, आणि त्याआड लपणारा एक आजार. हसताय ना? हसा. आमच्या मेसमध्येही सगळे हसायचेच.

जहाजावर एकावर एक तीन बंक, आणि पंख्यांची, ब्लोअरची, जनरेटरची अखंड घरघर. त्यात माणसाचं घोरणं बुडून जातं. जहाज धक्क्याला लागलं, किनाऱ्यावरची वीज घेऊन आमचे जनरेटर थांबले, की मग माझा आवाज लोकांना ऐकू यायचा. "कोकण्या, तुझा जनरेटर बंद कर रे," म्हणत कोणीतरी बूट भिरकवायचा. मी कूस बदलायचो आणि विषय तिथेच संपायचा.

सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. सगळ्याचं खापर मी मिडल वॉचवर फोडत होतो. मिडल वॉच म्हणजे रात्री १२ ते पहाटे ४ची पाळी. ज्याच्या झोपेचे असेही तुकडेच पडतात, तो दिवसा पेंगला तर नवल कोणाला? फौजेत हा आजार लपून राहतो तो असा. एका रात्री गेज वाचता वाचता माझे डोळे मिटले. पेन घसरलं आणि लॉगबुकात तेलाच्या दाबाच्या रकान्यात एक लांबलचक रेघ उमटली. ती रेघ मला अजून दिसते.

चोर पकडला तो बायकोने. गणपतीला रजेवर आलो होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, तुमच्या घोरण्याचा माका काय वाटणा नाय. घोरता घोरता गप होतास, त्येचा भय वाटता." दुसऱ्या रात्री तिने मोबाइल उशाशी ठेवून आवाज टिपला. सकाळी मी ऐकला. घोरणं, मग काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत मोजलं, २२ सेकंद. मग बुडणारा माणूस वर येऊन हवा ओढतो तसा आवाज. तो माणूस मी होतो, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत श्वास थांबणं. मी मेकॅनिक, मला ते पंपाच्या भाषेत कळलं. सक्शनच्या, म्हणजे ओढून घेण्याच्या बाजूला मऊ होज, म्हणजे रबरी नळी लावलीत तर काय होतं? पंप ओढायला लागला की होज आतल्या आत चिकटतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, घसा त्या होजसारखा मऊ होतो, आणि छाती हवा ओढते तसतसा तो मिटतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, घसा उघडतो. पुन्हा झोप, पुन्हा तेच. १० सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की एकदा मोजतात. तासाला ५च्या आत असेल तर ठीक, ३०च्या वर म्हणजे तीव्र. माझे ३४ निघाले. रात्रभर दर दोन मिनिटांनी कोणी हलवून उठवत असेल तर औषधाने बीपी कसा आटोक्यात येईल? माझा येत नव्हता तो यामुळेच.

आता अडचणीची गोष्ट. फौजेत तब्येत 'शेप'च्या पाच अक्षरांवर मोजतात: मन, कान, हातपाय, शरीराची ताकद, डोळे. शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. त्याखाली गेलं की कॅटेगरी लागली म्हणतात, आणि मग समुद्रावरची पोस्टिंग, बढती, सगळ्याची धाकधूक. म्हणून माणूस सिक बेची, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्याची पायरी चढत नाही. मीही वर्षभर चढलो नाही. त्या वर्षाची मला लाज वाटते, कारण इंजिन रूममध्ये पेंगणारा माणूस एकटा बुडत नाही. ट्रक चालवणारा जवान घ्या, भरलेली रायफल घेऊन उभा असलेला संत्री घ्या. डॉक्टर कॅटेगरी लावतात ती शिक्षा म्हणून नव्हे. शिवाय ठरावीक काळाने डॉक्टरांचं बोर्ड पुन्हा बसतं, आणि उपचार नीट चालू आहेत का, हेही तिथे बघतात.

ते त्यांना कळतं मशीनमधून. सीपॅप म्हणतात त्याला, नाकावर मास्क आणि नळीतून सतत हवेचा दाब. होज आतून दाबाखाली ठेवला की चिकटत नाही, एवढंच त्यामागचं गणित. कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी सिडनीत हे शोधलं, १९८१ साली प्रसिद्ध केलं. सुरुवातीला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती, हे वाचून मी मनातल्या मनात सलाम ठोकला. मशीन रोजची हजेरी मांडतं. साधारण १० पैकी ७ रात्री निदान ४ तास वापरलं तर वापर नीट आहे असं धरतात. पहिला महिना मला कोंडल्यासारखं व्हायचं. दुपारी जागेपणी मास्क लावून पेपर वाचायला लागलो तेव्हा सवय झाली. नातू मात्र म्हणाला, आजोबांना सोंड आली.

रजेवर येणाऱ्यांना एक सांगतो. कॅन्टीनची रम घसा आणखी सैल करते. त्या रात्री श्वास जास्त वेळा अडकतो. झोपेच्या काही गोळ्यांचंही तसंच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सौम्य त्रास असेल आणि तो उताणं झोपल्यावरच होत असेल, तर गंजीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. रात्री आपोआप कुशीवर व्हाल. निवृत्त झालेल्यांनी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये सांगावं, तिथून पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात.

आणि आपल्या कोकणातलं. पावसाळ्यात नळीला बुरशी धरते. धुतली की पडवीत वळणीवर टांगा, पंखा लावून आतून सुकू द्या. हवा ओलीच असते, तेव्हा मशीनच्या हवा दमट करणाऱ्या टाकीत पाणी लागतंच असं नाही. घालायचंच तर डिस्टिल्ड घाला, विहिरीचं नको. आणि वीज जाते, ती तर जाणारच. माझा इन्व्हर्टर जुना आहे, मध्येच मान टाकतो. मशीनची घरघर थांबते आणि त्या शांततेने माझ्याआधी बायको उठते. टॉर्च घेऊन ती अंधारात माझ्या मास्कचा पट्टा चाचपत असते.