शेपटाकडची झडप

[दृश्य: पहाटेचा मुंबई विमानतळ. उभं असलेलं बोइंग ७३७-८००. कॅमेरा उजव्या बाजूने मागे सरकत जातो.]

जेवणाची गाडी लागते ते मागचं दार दिसतंय ना? त्याच्या खाली, जरा मागे, पत्र्यात एक चौकोनी भोक आहे. त्यात एक झडप. विमान जमिनीवर असताना ती सताड उघडी असते. येणारे-जाणारे तिच्याकडे बघतही नाहीत. पण अकरा किलोमीटर उंचीवर पावणेदोनशे माणसं निवांत चहा पितात, ती या झडपेच्या जिवावर. तिचं नाव आउटफ्लो व्हॉल्व्ह.

विमानात हवा कशी राहते, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सायकलची ट्यूब येते. पंपाने भरली, तोंड बंद केलं, झालं. प्रत्यक्षातलं विमान आहे बुडाला भोक पडलेल्या बादलीसारखं. वरून नळ एकसारखा वाहतोय, खालून पाणी जातंय, आणि बादलीत पातळी किती राहणार हे भोक किती उघडं आहे त्यावर ठरतंय. इथे नळ म्हणजे इंजिन आणि भोक म्हणजे ही झडप.

[दृश्य: ढगांवरून उडणारं विमान.]

३५,००० फुटांवर बाहेर उणे ५४ अंश. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथाईपेक्षा कमी. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण मागून रेटा नसल्यामुळे तो फुप्फुसांतून रक्तात उतरत नाही. अशा हवेत माणसाची कामापुरती शुद्ध टिकते फार तर ३० ते ६० सेकंद. आणि यातली खरी गोम अशी, की जीव घुसमटत नाही. नखं निळी पडतात, बोलणं अडखळतं, आणि माणसाला उलट छान, हलकं वाटू लागतं. आपलं काही चुकतंय हे कळणारा मेंदूच आधी मंद होतो.

म्हणून केबिनमध्ये खालची हवा राखावी लागते. अगदी समुद्रसपाटीची नाही, कारण तेवढा दाब धरायला विमानाचा सांगाडा फार जड करावा लागेल. नियम सांगतो की नेहमीच्या उड्डाणात केबिनची ‘उंची’, म्हणजे आतल्याइतका दाब बाहेर ज्या उंचीवर सापडतो ती, ८,००० फुटांच्या वर जाऊ नये. म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या जवळपास दीडपट उंचीवर आपण बसलेलो असतो. वेफर्सचं पाकीट फुगतं ते याचमुळे.

[दृश्य: उघडलेलं इंजिन, कॉम्प्रेसरची पाती, जाड पाइप.]

आता नळाकडे येऊ. जेट इंजिनाचा पुढचा भाग म्हणजे हवा दाबणारा कॉम्प्रेसर. त्याच्या पाचव्या टप्प्यावरून, आणि इंजिन मंद असेल तेव्हा नवव्या टप्प्यावरून, थोडी हवा काढून घेतात. ही ब्लीड एअर. इथे अजून इंधन मिसळलेलं नसतं, त्यामुळे हवा स्वच्छ असते. पण नुसत्या दाबाने ती भाजून काढण्याइतकी तापलेली असते. वाटेत प्रीकूलरमध्ये पंख्याच्या थंड हवेने तिचा जोर उतरवतात. तरीही पाइपमध्ये २५४ अंशांच्या वर पारा गेला, तर त्या इंजिनाची ब्लीड झडप आपोआप मिटते आणि वैमानिकापुढे दिवा लागतो.

तिथून हवा जाते पोटाखालच्या पॅकमध्ये. पॅक दोन असतात. घरच्या एसीत गॅस असतो, इथे गॅस नाही. हवाच हवेला गार करते. गरम हवा आधी एका हीट एक्स्चेंजरमधून (तिची उष्णता बाहेरच्या हवेला देणाऱ्या जाळीतून) जाते, मग छोटा कॉम्प्रेसर तिला आणखी दाबतो, मग दुसरा हीट एक्स्चेंजर, आणि शेवटी ती टर्बाइनवर सोडतात. टर्बाइन फिरवण्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती गोठणबिंदूजवळ येते. तोच टर्बाइन त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर फिरवतो. वेगळी मोटर नाही.

पॅकचं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं: धूळ. हीट एक्स्चेंजरच्या बारीक पन्हळी मातीने भरल्या की उष्णता बाहेर पडत नाही. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी, विमान जमिनीवर उभं असताना, असा पॅक हमखास तापून बंद पडतो. थोडा वेळ थंड होऊ द्यायचा, रीसेट करायचा. तेच पुन्हा झालं तर औषध एकच, तो उतरवून धुणं. हवेत असताना एक पॅक गेला तरी दुसरा एकटा केबिनचा दाब पेलतो, म्हणून प्रवाशाला पत्ताही लागत नाही.

[दृश्य: कॉकपिटचं छतावरचं पॅनल. बोट दोन छोट्या खिडक्यांवर.]

सहवैमानिकाच्या डोक्यावर हा भाग. दोन खिडक्यांत आकडे. वरच्या खिडकीत किती उंचीवर उडायचंय ते, खालच्या खिडकीत उतरायच्या विमानतळाची उंची. दिल्लीहून पुण्याला यायचं तर वर ३६,०००, खाली १,९५०. बस, एवढंच सांगायचं. पुढचं गणित प्रेशर कंट्रोलर करतो. तेही दोन. आज एक, पुढच्या उड्डाणाला दुसरा, अशी पाळी असते. कामावरचा बिघडला तर राखीवातला आपोआप सूत्रं घेतो.

विमान मिनिटाला दोन-अडीच हजार फूट चढत असलं, तरी केबिन पाचशेच्या आसपासच चढते. उतरताना त्याहून सावकाश, कारण कानाला उतार जास्त झोंबतो. मधल्या कानातली हवा चढताना सहज बाहेर पडते. उतरताना कान आणि घसा जोडणारी नळी आपण आवंढा गिळल्याशिवाय उघडत नाही. खंडाळ्याच्या घाटात कान बसतात ते याच हिशेबाने. सर्दी असताना विमानात बसू नका, हा डॉक्टरांचा सल्ला उगाच नसतो.

बाजूलाच एक फिरवायचं बटण आहे: ऑटो, आल्टरनेट (दुसरा कंट्रोलर), मॅन्युअल (कंट्रोलर बाजूला, झडप वैमानिकाच्या हाती). त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

[दृश्य: खिडकीच्या काचेवरचं छोटं भोक, भोवती बर्फाची नक्षी.]

दाब धरणाऱ्या सांगाड्याचं काय? वरच्या उंचीवर आतल्या-बाहेरच्या दाबात दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंडांचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पुढच्या प्रवेशदारावर त्याचे जवळपास नऊ टन होतात. हे दार आधी आत ओढून, तिरकं करून मगच बाहेर काढता येतं, म्हणजे उडताना दाबच त्याला चौकटीत ठोकून बसवतो. कुणी कितीही हिसके दिले तरी ते हलत नाही.

खिडकीत तीन काचा असतात. आपण डोकं टेकतो ती फक्त ओरखड्यांपासून बचावासाठी. मधल्या काचेच्या तळाशी टाचणीएवढं भोक असतं, त्यातून दाब पार होतो आणि सगळा भार बाहेरची काच घेते. ती फुटलीच, तर मधली उभी राहते. तेव्हा भोकातून झिरपणारी केबिनची हवा मात्र किती सुटत असेल, याची काळजी करू नका. पॅक ती हसत भरून काढतात.

पत्र्याला मात्र प्रत्येक उड्डाण मोजून द्यावं लागतं. चढताना सांगाडा किंचित फुगतो, उतरल्यावर बसतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. म्हणून किती तास उडालं याच्या जोडीला किती वेळा फुगलं हेही वहीत असतं. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७-२०० चं छत २४,००० फुटांवर सुमारे साडेपाच मीटर लांबीभर उडून गेलं. केबिन क्रूमधली एक महिला बाहेर फेकली गेली. बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवलं. छोट्या बेटांमधल्या फेऱ्यांमुळे त्या विमानाची ८९,००० हून जास्त उड्डाणं झाली होती. खाऱ्या हवेने पत्र्यांच्या जोडावरचा गोंद सुटला, भार रिव्हेटांवर आला, आणि रिव्हेटांच्या रांगेतल्या बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या. विमानांचे जोड आज इतक्या बारकाईने का तपासले जातात, ते यावरून कळावं.

झडप मिटून अडकली आणि दाब वाढतच गेला तर? ९.१ पौंडांच्या फरकाला दोन सेफ्टी झडपा स्वतःच्या स्प्रिंगने उघडतात. त्यांना वीज लागत नाही, कंट्रोलरची परवानगी लागत नाही. उलट बाजूनेही एक झडप असते. विमान झपाट्याने उतरलं आणि बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला, तर ती हवा आत घेते. आतून फुगणं सांगाडा सोसतो, बाहेरून चेपणं नाही.

[दृश्य: आसनांवरून खाली लोंबणारे पिवळे मास्क.]

केबिनची उंची १०,००० फुटांच्या पुढे गेली की कॉकपिटमध्ये थांबून थांबून भोंगा वाजतो. १४,००० ला मास्क पडतात. तीन आसनांवर चार मास्क असतात. चौथा मांडीवरच्या बाळासाठी. मास्क नुसता तोंडाशी धरून चालत नाही, खाली ओढावा लागतो. ओढल्यावर दोरीच्या टोकाची पिन सुटते, हातोडी ठिणगी पाडते आणि वरच्या डब्यातलं सोडियम क्लोरेट तापून ऑक्सिजन सोडू लागतं. एकाने ओढला की त्या डब्याचे सगळे मास्क सुरू होतात. जळका वास येतो, डबा अडीचशे अंशांच्या घरात तापतो, आणि पिशवी फुगेलच असं नाही. हे तिन्ही ठीक आहे. काही बिघडलं म्हणून मास्क काढू नका. डबा एकदा पेटला की विझवता येत नाही, साधारण १२ मिनिटं चालतो.

हाच डबा सामान म्हणून नेला तर काय होतं, ते ११ मे १९९६ ला फ्लोरिडात दिसलं. मुदत संपलेले असे डबे पिनवर सुरक्षा-टोपी न बसवताच मालाच्या कप्प्यात भरले गेले होते. आग लागली, ११० माणसं गेली.

वैमानिकांचा ऑक्सिजन वेगळा, बाटलीतला. त्यांचा मास्क एका हाताने पाच सेकंदांत चढला पाहिजे. आणि आधी मास्क, मग बाकी सगळं. हा क्रम चुकला की काय होतं?

[दृश्य: रात्रीचं हँगर. मग ते फिरवायचं बटण, जवळून.]

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसचं लार्नाका. हेलिओस एअरवेजचं ७३७-३००, अथेन्समार्गे प्रागला जाणारं, १२१ जणांसह. आदल्या रात्री मागच्या दाराच्या सीलची तक्रार आली होती. ती तपासायची पद्धत अशी: विमान जमिनीवर असतानाच आत दाब भरायचा आणि गळती शोधायची. त्यासाठी झडप हाताने मिटावी लागते, म्हणजे बटण मॅन्युअलवर. तपासणीत काही सापडलं नाही. बटण मात्र मॅन्युअलवरच राहिलं.

सकाळच्या तपासणीत ते कुणाच्या नजरेत आलं नाही. पॅनलवर मॅन्युअलचा हिरवा दिवा होता; पण हिरवा दिवा कुणाला खटकतो? झडप थोडी उघडी, आणि तिला हलवणारं कुणी नाही. बादलीतून पाणी गळत राहिलं. विमान १२,००० फुटांवर असताना भोंगा वाजला. त्या विमानात टेकऑफच्या चुकीच्या मांडणीसाठीही हाच भोंगा होता, आणि तो फक्त जमिनीवर वाजायचा. वैमानिकांनी तोच अर्थ घेतला. मग उपकरणं थंड करणाऱ्या पंख्याचे दिवे लागले, कारण विरळ हवेने त्याचंही भागेना. ते कंपनीच्या इंजिनिअरशी त्या पंख्याबद्दल बोलत राहिले. मागे मास्क पडले होते. पुढे कुणी मास्क लावला नाही. ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेलं, अथेन्सजवळ घिरट्या घातल्या, आणि इंधन संपल्यावर ते ग्रामातिकोजवळच्या डोंगरावर कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

यात एकही पार्ट तुटलेला नव्हता. त्यानंतर ७३७ मध्ये भोंग्याच्या जोडीला केबिनच्या उंचीचा स्वतंत्र लाल दिवा आला. आमच्या मते तो पहिल्या दिवसापासून हवा होता. एका आवाजाला दोन अर्थ देणं ही काटकसर महागात पडली.

नळाची बाजू विसरली तरी तेच होतं. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या ७३७ मध्ये केबिनचा दाब राखणारं बटण चालू करायचं राहून गेलं. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं. मास्क पडले, विमान परत फिरलं, सगळे उतरले.

[दृश्य: नाक खाली केलेलं विमान, पंखांवर उभ्या राहिलेल्या पट्ट्या.]

दाब गेल्यावर करायचं ते एवढंच: मास्क, एकमेकांशी बोलणं होतंय का ते बघणं, झडप मिटायचा प्रयत्न, आणि खाली. इंजिनं मंद, स्पीडब्रेक वर, नाक खाली. प्रवाशाला वाटतं विमान कोसळतंय. १०,००० फुटांवर आलं की मास्कशिवाय चालतं. सह्याद्रीवर याला कसलीच आडकाठी नाही. हिमालयावर मात्र १०,००० फुटांवर डोंगरच असतात. तिथे आधी कुठल्या दरीकडे वळायचं ते कागदावर ठरलेलं असतं, आणि डब्यातल्या ऑक्सिजनची मिनिटं त्या वळणावर मोजलेली असतात.

[दृश्य: लेहची धावपट्टी, भोवती उघडे डोंगर.]

लेहचा विमानतळच जवळपास १०,७०० फुटांवर आहे. इतरत्र खाली येताना केबिनचीही उंची उतरते. लेहला विमान उतरत असतं आणि केबिन चढत असते: ती शेपटाकडची झडप त्यासाठी उघडत जाते, म्हणजे दार उघडताना आत-बाहेर एकच दाब असावा. वाटेत १०,००० ची रेषा ओलांडावीच लागते. म्हणून लेहला जाणाऱ्या विमानांत भोंग्याची मर्यादा वर सरकवण्याची सोय असावी लागते. नाहीतर सगळं सुरळीत चालू असताना, धावपट्टी समोर दिसत असताना, तो वाजायला लागेल.